क्रियापदांची भीती

लहानपणी मला भुतांची भीती कधी वाटली नाही. उत्तनला तेव्हा भुतांना तोटा नव्हता. चिंचेखाली केस सोडून बसणारी बाई होती, ओहोटीला खडकावर दिसणारा बिनमुंडक्याचा फिरंगी होता, आणि त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं तर घरोघरी होती. मी त्यांतल्या कोणालाच भीक घालत नव्हते. मला भीती वाटायची ती क्रियापदांची. येणे, जाणे, असणे, हवं असणे अशी दिवसभर माणसाच्या तोंडी असणारी साधी क्रियापदं, फक्त ती स्पॅनिश भाषेतली. त्यातलं एकेक पाठ झालं की मी उरलेली मोजत बसायचे, कारण शेवटचं पाठ झालं की मला आगबोटीत बसवणार होते.

हल्ली माझी नात संध्याकाळी मोबाईलवर स्पॅनिश शिकतेय. तिच्या कंपनीचं काम मेक्सिकोतल्या लोकांशी चालतं म्हणे. परवा मिरा रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर पाय पसरून ती 'तेंगो, तिएनेस, तिएने' म्हणत होती आणि मी कोथिंबीर निवडता निवडता पुढचं 'तेनेमोस' म्हणून गेले. तिने मान वळवून पाहिलं. "आजी, तुला कसं माहीत?" मी म्हटलं, "कोथिंबीर बघ कसली पिवळी देतो तो मेला." म्हातारपणाचा हा एक फायदा, विषय बदलला तरी कोणी कान धरत नाही. पण तो शब्द डोक्यातून जाईना, म्हणून म्हटलं लिहून टाकावं.

मी नवसाने बोललेली पोर. लोक मूल व्हावं म्हणून नवस बोलतात. माझ्या आयने मला देऊन टाकण्याचा बोलला होता. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. बा होडीचा तांडेल होता, म्हणजे होडी कुठे न्यायची, जाळं कुठे सोडायचं आणि केव्हा परतायचं ते सगळं त्याच्या शब्दावर. एका दुपारी आभाळ एकाएकी काळं झालं आणि असा वारा सुटला की वलांडीवर सुकत घातलेले बोंबील उडून अंगणात, विहिरीत, पार चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन पडले. बाकीच्या होड्या कशाबशा किनाऱ्याला लागल्या. बाची आली नाही. दिवस कलला तशी आयने मला ओढत किनाऱ्यावरच्या दगडी क्रुसापाशी नेलं, माझा हात धरला आणि त्या दगडावर दाबला. दगड ओला आणि गार होता, आणि आय इतक्या जोराने दाबत होती की माझ्या बोटांना रग लागली. वाऱ्यात ओरडून ती म्हणाली, "सायबा, माजा घरधनी परत दे. ही पोर तुजी. मोठी झाली का सिस्टर करीन, घरात ठेवनार न्हाय." किनाऱ्यावरच्या सगळ्या बाया ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी बाची होडी वसईच्या बाजूने आली, सगळी माणसं धडधाकट. आय वाळूत लोळून रडली आणि त्या दिवसापासून मी देवाची झाले.

देवाची म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळायचं. हंगामाची पहिली होडी आली की तिच्यातला सगळ्यात मोठा सरंगा क्रुसाच्या पायाशी ठेवायचा. मग तो वाटसरूने न्यावा, भिकाऱ्याने न्यावा, मांजराने न्यावा, कोणी अडवत नसे. पण ज्या घरातून तो आला त्या घराच्या चुलीवर तो पुन्हा चढायचा नाही. कोणा एका माणसाने चोरून परत आणला, रात्री कालवण करून खाल्ला आणि त्याच हंगामात दर्याने त्याची होडी नेली आणि पोरगाही नेला, ही गोष्ट आय मला भाकरी थापताथापता सांगायची. सांगताना तिचा हात थांबायचा नाही, मी मात्र ताट बाजूला सारायचे. क्रुसाशी ठेवलेला तो सरंगा म्हणजे मीच, हे मला तिने कधी उघड सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

आमच्या कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर पिलार नावाच्या एकच सिस्टर स्पेनच्या होत्या. बुटक्या, गोल, चालताना धापा टाकणाऱ्या. त्यांच्या देशात आपसांत लढाई झाली होती आणि त्यांच्या घरातलं कोण उरलं, कोण गेलं, हे त्या कधी बोलल्या नाहीत. मोठी लढाई संपून आगबोटी पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा त्यांच्या संस्थेकडून निरोप आला की पुढच्या पावसाळ्यानंतर तिकडच्या मुख्य मदर हिंदुस्थानात येतील आणि सिस्टर होऊ इच्छिणाऱ्या एक-दोन मुलींना बरोबर घेऊन जातील. मुलींना भाषा यायला हवी. आयच्या कानावर हे गेलं त्याच दिवशी ती डोक्यावर बोंबलाची पाटी घेऊन कॉन्व्हेंटच्या दारात उभी राहिली आणि सिस्टरना म्हणाली, "माजी आगाथा हाय. देवाला बोललेली हाय." पाटी तशीच स्वयंपाकघरात रिकामी केली आणि परत आली. माझ्याशी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मी आणि माझ्या वर्गातली रेजिना कॉन्व्हेंटच्या व्हरांड्यात स्पॅनिश शिकायला बसू लागलो. रेजिनाला कोणी देवाला बोललेलं नव्हतं. तिला आपणहून जायचं होतं, बोट बघायची होती, बर्फ बघायचा होता. पाठांतर तिचं यथातथाच, पण हौस दांडगी. पुढे ती खरंच गेली आणि तिकडेच रमली.

शिकायचं पुस्तक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं होतं. डावीकडे स्पॅनिश क्रियापद, उजवीकडे त्याचा इंग्रजी अर्थ आणि खाली ते कसं वापरायचं त्याची वाक्यं. आमची इंग्रजी शाळेपुरती. म्हणजे अर्थ आधी इंग्रजीच्या घरी जायचा, तिथून आमच्या घरी यायचा, आणि वाटेत पुष्कळदा चुकायचा. पण काही ठिकाणी ती इंग्रजीची वाट उगाच होती हे आमच्या लवकर लक्षात आलं. 'गुस्तार' नावाचं एक क्रियापद आहे, आवडण्याचं. त्यासाठी पुस्तकात पानंच्या पानं समजूत काढली होती, की बाबांनो, इथे 'मी एखादी गोष्ट आवडतो' अशी रचना नाही, ती गोष्टच मला आवडते, घाबरू नका. रेजिना म्हणाली, "यात घाबरायचं काय हाय? मना आवडतं. आमी असंच बोलतो." मग 'मला वाटतं' हेही तसंच निघालं. सिस्टरना इतका आनंद झाला की त्यांनी आम्हांला दोन-दोन बिस्किटं दिली. इंग्रज मुलींना एवढं शिकवायला महिना गेला असता, म्हणाल्या. 'ठाऊक असणे' आणि 'ओळखणे' यांना इंग्रजीत एकच शब्द, स्पॅनिशमध्ये दोन, साबेर आणि कोनोथेर, आमच्याकडेही दोन. त्या 'थेर'मध्ये सिस्टर जीभ दातांत धरायच्या, तर रेजिनाला कितीतरी दिवस वाटत होतं की बाई बोबड्या आहेत.

अडलो ते 'असण्या'पाशी. स्पॅनिशमध्ये दोन 'आहे' आहेत, सेर आणि एस्तार, आणि कुठे कोणता ते इंग्रजीवरून कळत नाही. सिस्टरनी पुस्तक मिटलं, व्हरांड्यातून समोर बोट दाखवलं आणि म्हणाल्या, समुद्र खारट आहे, हे सेर, तो तसाच असतो. समुद्र आज खवळला आहे, हे एस्तार, उद्या नसेलही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुझे वडील तांडेल आहेत, सेर. तुझे वडील आता समुद्रावर आहेत, एस्तार. मला ते तेव्हाच समजलं आणि मी दर्यावर बाचं शीड शोधायला लागले. जाण्याची रूपं म्हणताना 'तो जातो' याचा उच्चार 'बा' असा व्हायचा, त्यावर रेजिना खिदळायची. मी हसत नव्हते. पण सगळ्यात वाईट क्रियापद तेनेर, जवळ असण्याचं. स्पॅनिश माणसाला भूक लागत नाही, त्याच्याजवळ भूक असते. त्याला भीती वाटत नाही, त्याच्याजवळ भीती असते. आणि त्याच तेनेरला एक 'के' जोडला की 'करावंच लागेल' असा अर्थ होतो. सिस्टरनी फळ्यावर एकाखाली एक लिहिलं: तेंगो आंब्रे, तेंगो मिएदो, तेंगो के इर. मला भूक लागली आहे, मला भीती वाटते, मला जावं लागणार. त्या बिचाऱ्यांनी नुसती उदाहरणं दिली होती. मला वाटलं बाईंनी माझ्या पोटात डोकावून लिहिलं.

मग मी मुद्दाम चुकायला लागले. मला वाटलं, भाषा आली नाही तर नेणार नाहीत, आणि त्यात माझा काही दोष नाही, म्हणजे देव बाच्यावरही रागावणार नाही. ही युक्ती फार दिवस चालली नाही. एकदा रेजिना फळ्यासमोर अडली आणि माझ्या तोंडून आपोआप पुढचं रूप निघून गेलं. सिस्टरनी मला थांबवून घेतलं. "तुला येतं. मग का चुकतेस?" मी फळा पुसायला घेतला. "तुला भीती वाटते का?" त्यांनी हे स्पॅनिशमध्ये विचारलं. मी जोरजोराने मान हलवली, नाही, नाही. सिस्टरच्या डोळ्यांत बघून हो म्हणायचं म्हणजे देवाच्या तोंडावर सांगणं असं मला वाटत होतं. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मोठ्या माणसांना एकदा विचारून झालं की उत्तर मिळालंच असं वाटतं.

क्रियापदं घरीही पाठ सोडत नसत. उन्हाळ्यात अंगणात मसाला कांडायला बायका जमायच्या. मिरच्यांचा खकाणा उडायचा, तोंडाला फडकी बांधलेली, आणि मुसळ पडलं की माझ्या डोक्यात 'किएरो', दुसऱ्यांदा पडलं की 'किएरेस', तिसऱ्यांदा 'किएरे'. मला हवं, तुला हवं, त्याला हवं. भाकरीचं पीठ मळताना, विहिरीवर, जाळ्याचा दोर वळताना, तोंडातल्या तोंडात माझं तेच चालू. थांबवावंसं वाटायचं पण थांबायचं नाही. आय मसाला कांडणाऱ्या बायांना कौतुकाने सांगायची, "बगा, आतापासूनच तिकडची झाली." बा ओटीवर जाळं शिवत बसलेला असायचा. माझी पुटपुट ऐकून त्याच्या हातातली सुई क्षणभर थांबायची आणि तो हसायचा. जेवताना ओल्या बोंबलाच्या कालवणातला मधला, जाड तुकडा तो आपल्या ताटातून उचलून माझ्या ताटात टाकायचा. आयची मला भीती वाटायचीच, पण बाच्या त्या हसण्याची जास्त वाटायची. मला वाटायचं, यालाही आनंदच आहे. मग माझ्या बाजूचं या घरात कोण?

पावसाळा सरला आणि मदर आल्या. त्यांना माद्रे म्हणायचं, असं आम्हांला शिकवलं होतं. भाईंदर स्टेशनपासून मुर्धा, राई, मोरवा, डोंगरी असे सगळे खड्डे बैलगाडीतून खात त्या कॉन्व्हेंटला पोचल्या तेव्हा उन्हाने त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. उंच, हाडकुळ्या, आवाज मात्र मऊ. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलींनी आईला घेऊन यावं, असा निरोप होता. बा सकाळच्या भरतीला होडी घेऊन गेलेला. आयने लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं, अंबाड्यात अबोली खोचली आणि वाटेत माझ्याकडून 'सी, माद्रे' म्हणजे 'होय, मदर' एवढं घोकून घेतलं. टेकडीवरच्या कॉन्व्हेंटच्या बैठकीतून दर्या दिसायचा. सकाळी तो पसरट, शांत होता. आम्ही जाऊन बसलो तेव्हा वारा फिरला होता आणि खिडकीची झडप आपटू लागली होती. आयने तिकडे एकदा पाहिलं आणि निवांत मांडी घातली.

रेजिनाचं आधी झालं होतं. मग माद्रेंनी मला जवळ बोलावलं. नाव विचारलं, वय विचारलं, घरी कोण कोण ते विचारलं. मी पटापट सांगत गेले. कितीही चुकायचं ठरवलं तरी त्या क्षणी जीभ आपली आपण चालत होती. सिस्टर पिलार खुर्चीच्या पाठीशी उभ्या राहून अभिमानाने बघत होत्या, आय खाली बसून प्रत्येक उत्तराला मान डोलवत होती. मग माद्रेंनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि विचारलं, "किएरेस बेनिर?" तुला यायचंय का?

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता, माझ्या भाषेत तर नाहीच. उत्तर देण्यापुरती क्रियापदं मला येत होती आणि खोलीत आयला ती येत नव्हती. हो म्हटलं तर आगबोट. नाही म्हटलं तर दर्या, आणि दर्यावर त्या घटकेला बा. मी खिडकीकडे पाहिलं, वाऱ्याने पाणी पांढरं झालं होतं. मग माद्रेंकडे पाहिलं. त्या वाट बघत होत्या, घाई नसलेल्या माणसासारख्या. मी म्हटलं, "नो किएरो. तेंगो मिएदो." मला नकोय. मला भीती वाटते. आणि एकदा तोंड उघडल्यावर पुढचंही म्हटलं, की माझ्या आईला हवंय, माझ्या आईलाही भीती वाटते. आय खालून हसऱ्या तोंडाने म्हणाली, "सी, माद्रे. सी, सी."

सिस्टर पिलारचा चेहरा उतरला. माद्रेंनी त्यांना हळूच काही सांगितलं, आणि त्यांनी आपल्या मोडक्या मराठीत आयला विचारलं, मुलगी देवाला का देता? आयला तेवढंच हवं होतं. तिने तुफान सांगितलं, बोंबील कसे उडाले ते सांगितलं, क्रूस सांगितला, माझा हात धरून कसा दाबला ते माझाच हात धरून दाखवलं. सिस्टर एकेक वाक्य माद्रेंना स्पॅनिशमध्ये सांगत होत्या आणि मला ते सगळं कळत होतं. माझाच हात, माझीच आय, पण परक्या भाषेत ती दुसऱ्याच कुठल्या पोरीची गोष्ट वाटली, आणि मला त्या पोरीची फार दया आली.

माद्रे उठल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले, मग माझा हात घेऊन आयच्या हातात दिला. सिस्टर म्हणाल्या, "मदर सांगते, देवाला मुलगी पोचली. देव खूश. आता देव परत देतो, तुम्ही घरी ठेवा. मुलीला यायचं नाही, तर आम्ही नाही नेत. तो आमचा नियम आहे." आयने माझा हात असा झटकला की जणू तापल्या तव्याला बोट लागलं. "परत न्हाय घेत!" ती उभी राहिली. "सिस्टर, सांगा त्यांना! आमच्यात देवाचं परत न्हाय घेत! न्या तिला, काय पन करा, भांडी घासाया ठेवा, पन परत देऊ नका!" त्या भल्या बायांना वाटलं होतं आपण हिच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. आय माझ्याकडे वळली. "तू काय बोल्लीस त्यांना?"

"मना जायचं न्हाय, असं."

मला वाटलं आता थोबाडीत बसणार. तिने हात उचलला नाही. खिडकीतून बाहेर बघत ती इतकंच म्हणाली, "बा दर्यावर हाय तुजा."

आम्ही घरी गेलो नाही, तशाच किनाऱ्यावर गेलो. आय हिरव्या लुगड्यात वाळूवर बसली. येणाऱ्याजाणाऱ्या बाया विचारत होत्या, काय गो, नेनार का पोरीला? ती हाताने त्यांना पुढे जा म्हणत होती. एकेक होडी येऊन लागत होती, टोपल्या उतरत होत्या, मासळीवर कावळे झडप घालत होते, आणि त्यात बाची होडी नव्हती. आय एकदाच बोलली, "उद्या तुना बांद्र्याला नेते. तिथं दुसऱ्या सिस्टरा हायेत, त्या घेतील." मी हो म्हटलं. बा आला तर बांद्र्याला जाईन, स्पेनला जाईन, कुठेही जाईन, असं मी मनातल्या मनात म्हणत होते, पण नवस बोलायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. जे होतं ते मीच, आणि ते आधीच देऊन झालेलं. त्या दुपारइतकी भीती मला पुढे आयुष्यात कधी वाटली नाही. बाळंतपणं झाली, नवरा गेला, आजारपणं आली, तरी नाही. मोठेपणी भीतीत वाटेकरी असतात. त्या दिवशी मला वाटत होतं की माझ्या तोंडून निघालेले दोन शब्द पाण्यावर चालत गेलेत आणि बाच्या होडीला शोधतायत.

सगळ्या होड्या लागून किनारा शांत झाल्यावर बाचं शीड दिसलं. जाळं खडकाला अडकून फाटलं होतं, ते सोडवण्यात वेळ गेला, एवढंच. मी पाण्यात धावत गेले आणि त्याच्या ओल्या कमरेला मिठी मारली. आय जागची हलली नाही. तिला वाटलं देवाने ही शेवटची ताकीद दिली.

घरी येऊन बाने पाय धुतले, ओटीवर बसला, आणि आयने सगळं एका दमात सांगून टाकलं. पोर काय बोलली, बायांनी कशी परत केली, उद्या कुठे न्यायची. चर्चची संध्याकाळची घंटा वाजली, आम्ही तिघांनी कपाळाला हात लावून क्रूस केला, आणि मग बाने मला विचारलं, "तुना जायचं न्हाय?"

"न्हाय."

"मंग दिसभर ती भास घोकत व्हतीस ती?"

"भ्या वाटायचं, म्हनून."

बाने मला ओटीवर जवळ बसवलं. "मना वाटलं पोरीला आवड हाय," तो म्हणाला. "सारकी तोंडात तीच भास. म्हनून मी गप ऱ्हायलो." मग तो आयकडे वळला. तिच्याशी तो इतक्या हळू बोललेला मी कधी ऐकला नव्हता. "त्या तुफानाच्या दिशी मी सकालीच वाऱ्याचा वास घेतला व्हता. डोलीचं जालं आटोपलं आन् होडी वसईच्या खाडीत घातली. दुपारी पाचूबंदरला इनासच्या घरी जेवलो. तू पोरीचा हात क्रुसावर ठेवलास, तवा मी त्याच्या ओटीवर झोपलेलो."

आय त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मंग सांगितलं का न्हाय?"

"कवा पोचलो ते कोनी इचारलंच न्हाय. तू वालूत पडून रडत व्हतीस, तुना काय सांगू? आन् मंग तू झोपाया लागलीस. मी दर्यावर असलो तरी रातभर झोपायचीस. त्याच्या आदी कवा झोपली व्हतीस?"

"म्हंजे देवानं न्हाय आनलं तुमाला."

"देवानं नाक दिलंय," बा म्हणाला. "वास मी घेतला."

एरवी अशा बोलण्याला आय हसली असती, निदान फटका तरी मारला असता. ती उठली, आत गेली, लुगडं बदललं आणि चूल पेटवली. भाकरी केल्या, सुकटीची चटणी केली, तिघांना वाढलं. बांद्र्याचं नाव तिने काढलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही. मी सुटले होते. मला आनंद व्हायला हवा होता. मी तिच्या तोंडाकडे चोरून बघत होते. इतकी वर्षं तिने मला देऊन दर्या विकत घेतला आहे असं तिला वाटत होतं. आता तो कोणाचाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी भरतीचं पाणी आणखी तासभर उशिरा होतं. उजाडून ऊन वर आलेलं, दर्या शांत, भिण्यासारखं काही नव्हतं. बा खांद्यावर शिवलेलं जाळं टाकून निघाला तशी आय हातातलं काम टाकून त्याच्या मागून चालायला लागली, आणि तिच्या मागून मी. होडी पाण्यात ढकलली. बा चढणार तेवढ्यात आयने विचारलं, "कवा येनार?" दर्यावर निघालेल्या माणसाला आमच्यात असं कोणी विचारत नाही, अपशकुन मानतात. होडीतल्या माणसांनी क्रूस केला. बाने वळून पाहिलं आणि वर चढला. होडी लांब गेली. आय पुढे पुढे जात राहिली, पाणी तिच्या घोट्यांवरून गुडघ्यांवर आलं, गुडघ्यांवरून वर चढलं, आणि मी दोन्ही हातांनी तिचं लुगडं धरून मागे ओढत होते.